कमी किमतीचा संगणक : काटकसर कुणाची, टंचाई कुणाची?



आजचा विषय ‘छोट्या संगणकांचा इतिहास’ असा जाहीर झालेला आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं यंत्रांवर का बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. ते रास्तच आहे. आम्हांला सर्किट काढता येत नाही, आणि तसा आव आणायचाही नाही. पण ‘स्वस्त’ हा शब्द कानावर आला की आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना थोडी उलटतपासणी करावीशी वाटते. एखादी वस्तू स्वस्त झाली म्हणजे नेमकं काय झालं? खर्च नाहीसा झाला, की एकाच्या खिशातून निघून दुसऱ्याच्या डोक्यावर बसला?

हा प्रश्न आज व्यवहारातलाही आहे बरं का. शाळा, वाचनालयं, छोटे दवाखाने, सहकारी पतपेढ्या, सगळीकडे ही चर्चा चालते. तळहाताएवढा संगणक काही हजारांत मिळतो, वीज नावापुरती खातो, आवाज करत नाही. मग तोच का घेऊ नये? दुसरा म्हणतो, अहो, जुना मोठा डेस्कटॉप घ्या, निदान उघडून दुरुस्त तरी करता येतो. दोघांचंही काही अंशी बरोबर असतं. कुणाचं कधी बरोबर, हे ठरवायला गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास उपयोगी पडतो. त्यातला बराचसा इंग्लंडमधल्या केंब्रिज या एकाच गावाभोवती घडला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पाहणं आणि विचार करणं

१९७७ साली अमेरिकेत ‘ॲपल २’ हा घरगुती संगणक आला, त्याची किंमत १,२९८ डॉलर होती. सामान्य माणसानं नुसतं काचेतून पाहावं अशी. १९८० साली केंब्रिजमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी ‘झेडएक्स८०’ आणला. तयार यंत्र ९९ पौंड ९५ पेन्सला, आणि सुटे भाग घेऊन घरी डाग देऊन जोडायची तयारी असेल तर ७९ पौंड ९५ पेन्सला. पुढच्याच वर्षी ‘झेडएक्स८१’ आला, त्याची किंमत अनुक्रमे ६९.९५ आणि ४९.९५ पौंड. मेमरी किती? १ किलोबाइट. म्हणजे १,०२४ अक्षरं मावतील एवढी जागा. आमच्या या व्याख्यानाचा छोटासा तुकडाच त्यात मावला असता.

एवढी किंमत खाली आली कशी? पहिली युक्ती अशी की पडदा दिलाच नाही. घरातला टीव्ही वापरा. साठवणीची सोय दिली नाही; घरातला कॅसेट रेकॉर्डर जोडा. कळफलक म्हणजे एक सपाट पत्रा, ज्यावर बोटाला काही लागत नाही. झेडएक्स८० मध्ये एकवीस चिपा होत्या, त्या झेडएक्स८१ मध्ये चारांवर आल्या, कारण बरीचशी कामं एका खास बनवून घेतलेल्या चिपेत कोंबली होती.

दुसरी युक्ती आम्हांला फार विचार करायला लावणारी वाटते. टीव्हीवर चित्र उमटवायला सहसा वेगळं सर्किट लागतं. सिंक्लेअर यांनी ते वाचवलं आणि ते कामही मुख्य प्रोसेसरलाच लावलं. परिणाम काय? झेडएक्स८० आकडेमोड करू लागला की पडदा कोरा व्हायचा, उत्तर आलं की चित्र परत यायचं. एक कळ दाबली तरी चित्र लुकलुकायचं. झेडएक्स८१ मध्ये यावर तोड काढली. टीव्हीच्या चित्राच्या वर आणि खाली जी कोरी पट्टी असते, ती काढली जात असताना प्रोसेसर मोकळा असतो. तेवढ्या वेळात आकडेमोड उरकायची. चित्र स्थिर राहिलं, पण वेग सुमारे चौथाईवर आला. घाई असेल तर ‘फास्ट’ हा आदेश द्यायचा, म्हणजे यंत्र पूर्ण वेगानं काम करणार आणि तुम्ही अंधाराकडे बघत बसणार.

म्हणजे या यंत्राला पाहणं आणि विचार करणं एकाच वेळी धड जमत नव्हतं. मेमरीचीही तीच गत. पडद्यावर जितका जास्त मजकूर, तितकी प्रोग्रॅमला जागा कमी. पडदा गच्च भरला तर त्या १,०२४ पैकी सुमारे आठशे बाइट त्यातच जाणार. आता हे ऐकून कुणी म्हणेल, असलं यंत्र काय कामाचं? पण त्याच १ किलोबाइटमध्ये लोकांनी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम बसवला, ६७२ बाइटांत. काही नियम त्यातून गाळावे लागले, तरी तो बुद्धिबळच खेळत होता. आणि ही यंत्रं पंधरा लाखांच्या घरात विकली गेली.

याचं कारण आम्हांला असं दिसतं की इथली मर्यादा उघड होती. कुठं काय कापलं आहे हे वापरणाऱ्या पोरालाही कळत होतं. पडदा का लुकलुकतो, हे समजून घेता घेता तो संगणक कसा चालतो हे शिकून जायचा. अर्थात सगळ्याच मर्यादा अशा शिकवणाऱ्या नव्हत्या. मागच्या बाजूला १६ किलोबाइटची जादा मेमरी खोचता यायची. ती इतकी डुगडुगायची की टेबलाला धक्का लागला तर तासाभराचं टाइप केलेलं सगळं साफ. लोक ती चिकटवून ठेवायचे. एका पक्क्या जोडणीचे चार पैसे वाचवले, आणि त्याची किंमत ग्राहकाच्या तासांत वसूल झाली. खर्च कुणाच्या डोक्यावर बसतो, असं सुरुवातीला म्हटलं ते हेच.

शंभर चांगली, की हजार साधी?

त्याच गावात ‘ॲकॉर्न’ नावाची दुसरी कंपनी होती. ब्रिटिश नभोवाणीनं, म्हणजे बीबीसीनं, लोकांना संगणक-साक्षर करायची मोहीम काढली आणि त्यासाठी एका यंत्राची निवड करायची ठरवली. निवड ॲकॉर्नची झाली. ‘बीबीसी मायक्रो’ १९८१ च्या अखेरीस आला. मॉडेल ए २३५ पौंड, मॉडेल बी ३३५ पौंड, आणि थोड्याच काळात दोन्ही किमती आणखी वाढल्या. सिंक्लेअर यांना हे अजिबात रुचलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: माझं यंत्र एवढं स्वस्त असताना सरकारी पाठबळ महागड्याला का?

वाद मजेदार आहे, कारण दोन्ही बाजूंना तत्त्व आहे. बीबीसी मायक्रोला खरा कळफलक होता, ३२ किलोबाइट मेमरी होती, डिस्क जोडता येई, दुसरा प्रोसेसर जोडता येई, वर्गातली सगळी यंत्रं एकमेकांना जोडून एकच डिस्क वाटून घेता येई. वाढीला जागा ठेवलेलं यंत्र. शाळेत पोरांनी बदाबदा कळा बडवल्या तरी वर्षानुवर्षं टिकणारं. उलट सिंक्लेअर यांचं पुढचं यंत्र, १९८२ चं ‘स्पेक्ट्रम’, १२५ पौंडांना मिळायचं. रबरी कळा, पण रंग आणि आवाज. त्याच्या पन्नास लाखांवर प्रती गेल्या; बीबीसी मायक्रोच्या सुमारे पंधरा लाख. शाळेनं एक निवडलं, घरानं दुसरं. नंतर ब्रिटनमध्ये प्रोग्रॅमिंग करणारी जी पिढी तयार झाली, तिच्यात दोन्हीकडची मुलं होती.

आपल्याकडे या वादाचा एक धागा येतो. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला, शाळांमध्ये संगणक-साक्षरता आणण्यासाठी. पहिल्या टप्प्यात २५० शाळा घेतल्या आणि त्यांत हेच बीबीसी मायक्रो ठेवले. स्पेक्ट्रमचीही परवान्यानं केलेली भारतीय आवृत्ती दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आली होती. म्हणजे ‘थोड्यांना चांगलं, की अनेकांना साधं’ हा प्रश्न आपल्या दारापर्यंत आला होता. आपण तेव्हा थोड्यांना चांगलं असं उत्तर दिलं. २५० शाळा, एवढ्या मोठ्या देशात. ते चूक होतं असं आम्ही म्हणत नाही. पण ज्या मुलांपर्यंत काहीच पोचलं नाही, त्यांचा हिशेब या उत्तरात कुठेच दिसत नाही, एवढं नोंदवून ठेवू.

गाळलेली अक्षरं

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण संगणकाच्या इंग्रजी इतिहासांत ती फारशी येत नाही. झेडएक्स८१ मध्ये इंग्रजीची लहान अक्षरं नव्हती, फक्त कॅपिटल. जागा वाचवायची म्हणून गाळली. इंग्रजी वाचणाऱ्याचं त्यानं फारसं अडलं नाही. पण त्या काळच्या बहुतेक स्वस्त यंत्रांत एका अक्षराला आठ बाय आठ ठिपक्यांचा चौकोन असायचा. रोमन ‘ए’ त्यात ऐटीत बसतो. आपला ‘र्क्ष्मी’ बसवून दाखवा बघू! वर रफार, वेलांटी, मध्ये जोडाक्षर, आणि कुठं खाली उकार आला की आणखी पंचाईत. आठ ओळींत एवढा संसार मांडता येत नाही.

म्हणजे यंत्र बनवणाऱ्यानं जी काटकसर केली, ती त्याच्या भाषेत कुणाला जाणवलीच नाही. आपल्या भाषेत मात्र ती थेट बंदी झाली. यावर उपाय म्हणून आपल्याकडे ‘जिस्ट’ तंत्र तयार झालं. त्याचं मूळ काम कानपूरच्या आयआयटीत झालं आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तिथं वाढलं. संगणकाच्या आत एक जादा कार्ड बसवायचं, म्हणजे पडद्यावर देवनागरी दिसू लागायची. किती लोकांच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं असेल! पण हिशेब काय झाला ते पाहा. इंग्रजीत लिहिणाऱ्याला संगणक जेवढ्याला पडत होता, त्याहून मराठीत लिहिणाऱ्याला तोच संगणक एका कार्डाच्या किमतीनं महाग.

मराठीत दोन शब्द आहेत, ‘काटकसर’ आणि ‘टंचाई’. काटकसर आपण आपल्यापुरती करतो, कशात करायची हे आपण ठरवतो. टंचाई आपल्यावर येते. एकाची काटकसर दुसऱ्याची टंचाई होते तेव्हा ती डोळ्यांना सहसा दिसत नाही, कारण किंमतपत्रिकेवर तिचा रकाना नसतो. आजच्या व्याख्यानातलं मुख्य म्हणणं म्हणाल तर हेच.

गरिबीतून आलेला मितव्यय

आता ‘कमी वीज’ या गुणाकडे वळू. हा गुण कुणी आधी ठरवून आणला असं वाटतं, पण खरी हकिकत वेगळी आहे.

ॲकॉर्नला पुढच्या यंत्रासाठी नवा प्रोसेसर हवा होता. बाजारातले पसंत पडेनात, तेव्हा स्वतःच करायचं ठरलं. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ही दोन मुख्य माणसं. मोठ्या अमेरिकी कंपन्यांसारखं मनुष्यबळ नाही, पैसाही नाही. म्हणून रचना साधी ठेवणं भाग होतं. शिवाय चिप प्लास्टिकच्या स्वस्त वेष्टनात बसवायची होती. सिरॅमिकचं वेष्टन महाग पडतं, आणि प्लास्टिकमध्ये चिप फार तापून चालत नाही. तिनं एक वॅटपेक्षा कमी वीज खाल्ली पाहिजे. नेमकी किती खाईल हे मोजायची चांगली साधनं हाताशी नव्हती, म्हणून त्यांनी प्रत्येक ठिकाणी हात राखून काम केलं.

२६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हाती आली आणि ती चालली. फर्बर यांनी वीज मोजायला मीटर लावला तर काटा शून्यावर. तपास केल्यावर कळलं की चिपेला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. आजूबाजूच्या सर्किटांतून संकेतांच्या तारांवाटे जी थोडीशी वीज झिरपत होती, तेवढ्यावर ती चालत होती. या चिपेत ट्रान्झिस्टर होते सुमारे पंचवीस हजार. तिचं नाव एआरएम. १९९० मध्ये तिची स्वतंत्र कंपनी झाली, आणि आज तुमच्या-आमच्या खिशातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे.

प्लास्टिकच्या वेष्टनाचे पैसे वाचवायला गेले आणि हाती लागला कमी विजेचा प्रोसेसर. ही काटकसर पूर्णपणे करणाऱ्यांच्या अंगावर होती. वापरणाऱ्याचं त्यात काही गेलं नाही, झाला तो फायदाच.

कोंबडी आणि मसाला

याच्या उलट उदाहरण २००८ सालचं. इंटेल या अमेरिकी कंपनीनं ‘ॲटम’ नावाचा लहान प्रोसेसर काढला. डेस्कटॉपसाठीच्या त्याच्या पहिल्या रूपाची उष्णतेची कमाल मर्यादा होती ४ वॅट. सगळीकडे वाहवा झाली. पण प्रोसेसर एकटा काम करत नाही. त्याच्या जोडीला मेमरी आणि पडदा सांभाळणारी आणखी एक चिप लागते. सोबत जी चिप दिली ती जुन्या धाटणीची, तिची मर्यादा २२ वॅट! त्या बोर्डाचे फोटो पाहिलेत तर गंमत वाटेल. मुख्य प्रोसेसरवर नुसता धातूचा लहानसा तुकडा, आणि पंखा बसवलाय तो मदतनिसाच्या डोक्यावर. आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तशातला प्रकार.

त्याच सुमाराला या छोट्या यंत्रांवर आणखी एक बंधन आलं, आणि ते तांत्रिक नव्हतं. स्वस्त वर्गातल्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्ट विंडोज एक्सपीचा परवाना कमी दरात देत असे, पण अट होती की मेमरी १ गिगाबाइटपेक्षा जास्त नको. छोट्या यंत्रानं मोठ्याचं गिऱ्हाईक पळवू नये, एवढाच अर्थ. व्यापाराच्या दृष्टीनं ते समजण्यासारखं आहे. पण झेडएक्स८१ ची १ किलोबाइट आणि या यंत्रांची १ गिगाबाइट यांतला फरक ध्यानात घ्या. पहिली मर्यादा परवडत नव्हतं म्हणून आली, दुसरी परवडत असूनही घातली गेली. विकत घेणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, ‘स्वस्त आहे, एवढंच मिळणार’.

तळहातावरचा संगणक

आता पुन्हा केंब्रिज. या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या विद्यापीठात संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांना पूर्वीच्या मुलांइतकं प्रोग्रॅमिंग येत नाही, असं एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाणवू लागलं. ऐंशीच्या दशकातल्या मुलांकडे खेळायला, बिघडवायला स्वतःचं यंत्र होतं. आता घरात संगणक होता, पण तो बिघडवला तर घरचे रागावणार. म्हणून मुलाच्या हाती बिनधास्त देता येईल असं यंत्र करायचं ठरलं. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘रास्पबेरी पाय’ विक्रीला आला. मॉडेल बी ३५ डॉलरला; मॉडेल ए जाहीर केला होता २५ डॉलरचा. ही नावं मुद्दाम बीबीसी मायक्रोवरून घेतलेली. आत प्रोसेसर एआरएमच. वीज सुमारे साडेतीन वॅट. पहिल्या तुकडीत दहा हजार यंत्रं होती. मागणी इतकी आली की विकणाऱ्या कंपन्यांची संकेतस्थळं बंद पडली.

पस्तीस डॉलर झाले कसे? पुन्हा सिंक्लेअर यांचीच वाट. पडदा तुमच्या टीव्हीचा, साठवण कॅमेऱ्यातल्या कार्डासारख्या कार्डावर, वीज मोबाइलच्या चार्जरची. आणि काय गाळलं? घड्याळ. या यंत्रात वीज गेल्यावर वेळ लक्षात ठेवणारी बॅटरी नव्हती. इंटरनेट असेल तर ते वेळ विचारून घेतं. नसेल तर मागची कुठली तरी वेळ धरून बसतं. केंब्रिजमध्ये याचं कुणाला काही वाटणार नाही. जिथं रेंज येते-जाते अशा गावातल्या शाळेत हजेरीची तारीखच चुकते. पुन्हा तेच, काटकसर एकाची.

वीज अचानक गेली तर कार्डावरचा मजकूर बिघडण्याचा धोका, हा दुसरा मुद्दा. भारनियमन सोसलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको. पण इथंच नाण्याची दुसरी बाजूही आहे. हिशेब करून पाहू. समजा जुना डेस्कटॉप ६० वॅट खातो आणि छोटा ५ वॅट. दिवसाला ८ तास, वर्षाला २५० दिवस धरले तर फरक पडतो ११० युनिटांचा. युनिटला ८ रुपये धरा, ८८० रुपये वर्षाला. वाईट नाही, पण नुसत्या बिलासाठी नवीन यंत्र घ्यायचं तर पैसे वसूल व्हायला वर्षं लागतील. आता बिल सोडा आणि बॅटरीचा विचार करा. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरी घ्या. पडद्याचे २० वॅट धरून जुना संगणक तिच्यावर कागदोपत्री एक तास चालेल. छोटा तीन तासांच्या वर. प्रत्यक्षात दोन्ही कमी भरतील, पण प्रमाण तेच राहील. म्हणजे कमी विजेचा खरा लाभ वीज असलेल्या जागी नाहीच, वीज नसलेल्या जागी आहे. त्या जागी शाळेचा तास पूर्ण होतो की अर्ध्यावर मोडतो, एवढा तो फरक आहे.

याच सुमाराची एक आपल्या भागातली आठवण. २००५ मध्ये निकोलस नेग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली होती. आपल्या केंद्रीय शिक्षण खात्यानं २००६ मध्ये ती नाकारली. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैरात इथल्या छोट्या शाळेत ते लॅपटॉप आले, भारतातला पहिला प्रयोग म्हणून. तोवर शंभर डॉलरचे जवळजवळ दोनशे झाले होते. डेस्कटॉप नव्हे, पण जात तीच: लहान, स्वस्त, अगदी कमी विजेवर चालणारं यंत्र. नेग्रोपाँटे यांचा भर यंत्र मुलाच्या हाती देण्यावर होता. शिक्षक, दुरुस्ती, स्थानिक भाषेतला मजकूर या गोष्टी किमतीत धरलेल्या नव्हत्या, आणि जगभर हा प्रकल्प अडखळला तो बऱ्याच अंशी तिथंच.

रास्पबेरी पायचंही पुढं काय झालं ते पाहा. २०१२ ला त्याला पंखा लागत नव्हता. २०२३ चं पाचवं मॉडेल खूप वेगवान, पण त्याच्यासाठी २७ वॅटचा पुरवठा आणि थंड ठेवायची सोय सुचवलेली आहे. हे लोभानं झालं असं नव्हे. आपण ज्या वेबसाइट उघडतो त्या जड होत गेल्या, म्हणून यंत्राला धावावं लागलं. निकलाउस वीर्थ या स्विस शास्त्रज्ञानं १९९५ मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्रं जितक्या वेगानं चपळ होतात त्याहून वेगानं सॉफ्टवेअर सुस्त होतं. म्हणून छोट्या यंत्राचं ‘पुरेसं’ असणं त्याच्या हाती नसतं. वेबसाइट लिहिणाऱ्याच्या हाती असतं.

आणि २०२१-२२ मध्ये जगभर चिपांची चणचण झाली तेव्हा हे यंत्र मिळेनासं झालं. कंपनीनं उद्योगांना अग्रक्रम दिला, कारण त्यांची उत्पादनं या बोर्डांवर अवलंबून होती, तिथल्या माणसांची पोटं अवलंबून होती. त्यांची बाजू समजते. पण मुलांसाठी काढलेल्या यंत्राची रांग लागली तेव्हा मुलं मागं राहिली, हेही खरं. यंत्र स्वस्त असून भागत नाही. ते मिळावं लागतं.

चरख्याची जाहिरात

आता जरा मागे जाऊ, संगणकाच्याही आधी. १९२९ साली गांधीजींच्या प्रेरणेनं अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच्या अटी आजच्या इंजिनिअरनंही वाचाव्यात अशा आहेत. यंत्र हलकं आणि नेता येण्याजोगं हवं. बाईला ते फार न शिणता आठ तास चालवता यावं. किंमत दीडशे रुपयांपेक्षा जास्त नको. नीट देखभाल केली तर वीस वर्षं चालावं, आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा.

बक्षीस कुणालाच मिळालं नाही. चरख्याबद्दल मतभेद असतील, असू देत. आम्हांला त्या अटींची रचना महत्त्वाची वाटते. किंमत ही अनेक अटींपैकी एक आहे. चालवणारी बाई, तिचा शीण, वीस वर्षांचा काळ, दुरुस्तीचा खर्च, हे सगळं त्याच यादीत आहे. म्हणजे जो खर्च एरवी वापरणाऱ्याकडे सरकतो, तो आधीच कागदावर आणून ठेवलेला आहे.

आज छोटा संगणक घेताना हीच यादी आपल्या भाषेत लिहायला हवी. त्यावर बसणार कोण? वीज किती वेळ जाते? इंटरनेट नसताना तो काय काय विसरतो? मराठी नीट दिसते का, आणि मुख्य म्हणजे नीट टाइप होते का? एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, की सगळंच टाकावं लागतं? कारण छोट्या बोर्डावर मेमरी डाग देऊन पक्की बसवलेली असते. जुन्या डेस्कटॉपची मेमरी लॅमिंग्टन रोडवर जाऊन बदलून आणता येते; या बोर्डाची नाही. आणि जुना डेस्कटॉप मोडीत काढण्याआधी हेही पाहावं की तो बनवताना जी वीज, जे धातू खर्च झाले ते झालेलेच आहेत. चालत्या यंत्राला आणखी तीन वर्षं वापरणं हीसुद्धा बचत आहे.

कमी विजेबद्दल एक इशारा देतो. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८६५ मध्ये कोळशाबद्दल दाखवून दिलं होतं की इंजिनं कमी कोळशात चालू लागली तेव्हा एकूण कोळसा कमी न लागता उलट जास्त लागला, कारण इंजिनं जागोजागी बसली. पाच वॅटचा संगणक आहे म्हणून दहा ठिकाणी रात्रंदिवस चालू ठेवले, तर वाचलं काय?

मग आमचं मत काय, असं तुम्ही विचाराल. इतका वेळ ऐकल्यावर तो हक्क आहे तुमचा. जिथं वीज भरवशाची नाही, काम ठरावीक आहे आणि शेजारी एखादा जाणकार माणूस किंवा उत्साही शिक्षक आहे, तिथं छोटा संगणक घ्यावा. किमतीतून वाचलेल्या पैशांतून पहिल्यांदा चांगला वीजपुरवठा, बॅटरी आणि एक जादा कार्ड घ्यावं. उरलेले शिक्षकाच्या प्रशिक्षणाला ठेवावेत. जिथं वीज आहे, रोज पन्नास वेबसाइट उघडायच्या आहेत आणि दुरुस्त करणारा बाजार जवळ आहे, तिथं जुना, उघडता येणारा डेस्कटॉप अजूनही शहाणपणाचा. आणि कुठंही, ‘गरिबांच्या मुलांना एवढं बस्स झालं’ अशा भावनेनं छोटं यंत्र देऊ नये. त्याच खोलीत बसून आपण स्वतः ते दिवसभर वापरू का, हे आधी पाहावं. उत्तर हो असेल तर ती काटकसर आहे, खुशाल करावी. नाही असेल, तर आपण दुसऱ्याच्या वाट्याला टंचाई देतो आहोत.

वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील ते जरूर विचारा. यंत्राच्या आतलं काही विचाराल तर या सभागृहातली तरुण मंडळी आमच्यापेक्षा चांगलं सांगतील.